फुगडीनंतर रुसलेलं दार

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं एक घर, ज्याला किल्लीच नाही. आईच्या काचेच्या बांगडीत अर्धवाहकाचा एक कण बसवलाय, धुळीच्या कणाहून कितीतरी लहान. त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या दुसऱ्या कुठल्याच कणासारख्या नाहीत. दार त्या मोजतं आणि मगच उघडतं.

शेजारचं हळदीकुंकू आटोपून प्रमिला दारात आली, तेव्हा आत तान्हा जागा होऊन रडत होता.

"पायऱ्या सरकल्या आहेत. कण ओळखीचा नाही," दार म्हणालं.

"अरे मेल्या, मघाशी तूच सोडलंस ना मला बाहेर? पुन्हा मोज!"

"मोजलं. सरकल्या आहेत."

प्रमिलासोबत परतलेली तिची लेक चार्वी आईच्या नायलॉनच्या साडीकडे बघत होती. फुगड्यांत घासून घासून ती अंगाला चिकटली होती. "आई, तुझ्या अंगात वीज साठलीय. तिनेच पायऱ्या सरकतात."

"तू गप्प गं! तिकडे बाळ रडतंय, आणि हिला शाळा सुचतेय!"

चार्वीने आईचा हात ओढून अंगणातल्या लोखंडी नळाला लावला. चट्‌कन ठिणगी उडाली. प्रमिलाने बांगडी पुन्हा पुढे केली आणि दार उघडलं.

"आता बरी ओळख पटली!" ती उंबऱ्यातच दाराला फैलावर घेऊ लागली. चार्वी तिच्या हाताखालून आत शिरली आणि तिने भावाला उचलून घेतलं.