चव घेणाऱ्याचं नाव

पोषण आहाराची वही उघडून तपासणीच्या साहेबांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. ‘चव घेणाऱ्याचं नाव’ म्हणून महिनाभर एकच नोंद होती : रवळनाथ.

“कोण हे? बोलवा त्यांना.”

रांधणाऱ्या शेवंतीकाकू पदराला हात पुसत पुढे आल्या. गावच्याच शेतातली नाचणी-कुळीथ घेऊन शाळेत रांधायचं काम सरकारनं त्यांच्या बचत गटाला नुकतंच दिलं होतं. ते आता जातंय की काय!

“साहेबांनू, तो आमचो ग्रामदेव. कीर्तनात बुवांनी सांगल्यानी हा, पयलो घास तेचो. देवाआधी मी कशी चाखू?”

“आणि मीठ चुकलं तर?”

“पोरां टोप पुसून खातत. चुकात कसा?”

साहेब मुलांच्या पंगतीत बसले. भाकरी मोडली, उसळ दोनदा मागितली. मग रवळनाथाच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, “सहमत. उद्यापासून काकूंनीही चाखावं, देवानंतर.”