एकाच मुळाचे शब्द

"ड्युरेबल म्हणजे टिकाऊ, एन्ड्युअर म्हणजे सोसणं. दोन्ही आले लॅटिनमधल्या 'कठीण' अर्थाच्या एकाच शब्दावरून." शिकवणीला येणाऱ्या मृण्मयीला आमचे हे समजावत होते. मी आत पावटे सोलत ऐकत होते. यांना इतकं मऊ बोलता येतं? लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला नुसतं 'अगं, चहा!'

चहा नेऊन मी टेबलावर आपटला. तिच्या कपात साखर घातलीच नव्हती.

"काकू, मजा आहे तुमची! सर घरातही असंच शब्दांबद्दल बोलत असतील ना?"

"बोलतात की. 'आमटीत मीठ कमी आहे.'"

हे ओशाळले. "अगं, बस ना तूही. या दोन शब्दांचं नातं सांगतो तुला."

"ते कळलंय मला," मी त्यांचा कप पुढे सरकवला. "मी सोसलं, म्हणून तुम्ही टिकलात."