आवाज पिणाऱ्या भिंती

पुऱ्या तळताना मालिनीच्या हातावर कढत तेल उडालं. ती किंचाळली, पण आवाजच आला नाही.

नवऱ्याला, दिगंबररावांना, हार्ट अटॅक येऊन गेल्यावर तिनेच हट्टाने या भिंती बसवून घेतल्या होत्या. त्यांची धडधड वाढवणारा प्रत्येक आवाज भिंती पिऊन टाकत. आधी कुकरची शिट्टी गेली, मग वरच्या मजल्यावरचं ड्रिल, परवा देवघरातली घंटा.

भाजलेला हात धरून ती हॉलमध्ये धावली. "अहो, हात भाजलाय माझा," ती ओरडली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले दिगंबरराव समाधानाने म्हणाले, "मालिनी, हल्ली तू अजिबात चिडचिड करत नाहीस. घर कसं देवळासारखं वाटतं."