कॅप्टनचं टेबल

"इथे?" लेकीने दारातच विचारलं.

"इथेच," आई म्हणाली आणि बाबांच्या कोपराला हात देत आत शिरलीसुद्धा.

दुकान कसलं, बोळच तो. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलांवर चिकट मेणकापड, मध्ये लाल सॉसची बाटली. इथे फक्त टाको मिळायचे. मक्याच्या पातळ पोळीची घडी, आत ठासून भरलेलं सारण, वरून सॉसची धार. चव चांगली आणि भाव त्याहून चांगला, त्यामुळे दुपारच्या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

ती आली होती एकाच गोष्टीसाठी. बाबांना एकदा आपल्यासमोर जेवताना बघायचं होतं तिला. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून त्यांनी माणसांत जेवणंच सोडलं होतं. ताट घेऊन खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. आईलाही मज्जाव. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू लुळी पडली होती. घास तिकडून ओघळायचा आणि ओघळलेला त्यांना कळायचाही नाही.

दुसऱ्या कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण हा माणूस जन्मभर एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन होता. सगळे वेटर त्यांच्या धाकात. पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक कण दिसला की यांच्या कपाळाला आठी. घरीही तीच तऱ्हा. लहानपणी लेकीच्या ताटाबाहेर काही सांडलं तर ओरडायचे नाहीत, नुसते बघायचे. त्या बघण्यापेक्षा धपाटा परवडला, असं ती अजून म्हणते. आणि हे टाकोचं दुकान तर घराच्या खिडकीसमोरच, रस्त्यापलीकडे. ते उघडलं त्या दिवसापासून बाबांनी त्याला नावं ठेवली होती. म्हणायचे, "माणसं जेवतात की आंघोळ करतात?"

म्हणूनच लेकीने त्यांच्या जुन्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. आईने सकाळी फोन करून ते परस्पर रद्द करून टाकलं.

"एवढ्या लांबून आले मी आणि तू पैसे कसले वाचवतेस?" लेक आईच्या कानाशी पुटपुटली. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बाबा मात्र ताठ बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंतची बटणं एका हाताने स्वतः लावलेली. टाको आले. त्यांनी डाव्या हाताने एक उचलला, मान तिरकी केली आणि घास घेतला. चारचौघांत, लेकीच्या समोर. सावकाश चावला, गिळला. लेकीला हॉटेल आठवलं नाही की आईवरचा राग आठवला नाही. तिला भरून आलं.

"बबडे, बरा आहे की गं," बाबा अर्ध्या तोंडाने हसले. जीभ जड होती, पण शब्द कळले. त्यांनी दुसरा घास घेतला.

तेवढ्यात तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सॉसचा ओघळ निघाला. हनुवटीवर आला, तिथून कॉलरकडे निघाला. बाबांना पत्ताच नव्हता. ते आपले मजेत चावत होते. लेकीचा जीव कासावीस झाला. आता सगळे बघतील, हसतील, असं तिच्या मनाने घेतलं. तिने कागदी रुमाल ओढला, टेबलावरून वाकली आणि तान्ह्या बाळाचं पुसावं तसं त्यांचं तोंड पुसलं.

"असू दे हं, बाबा. होतं असं," ती म्हणाली.

बाबांचं चावणं थांबलं. त्यांनी टाको कागदी ताटलीत ठेवला. तिच्या हातातला रुमाल घेतला, टेबलावर एका हाताने त्याची नीट घडी घातली आणि ती ताटलीशेजारी ठेवली. मग काठी घेऊन उठले. "मी घरी जातो," एवढंच म्हणाले आणि वाट काढत निघून गेले.

लेक रडवेली झाली. "माझं काय चुकलं? मी सांगत होते ना, चांगल्या ठिकाणी नेऊ. त्यांना आणायची ही जागा आहे का?"

आई त्यांचा उरलेला टाको कागदात गुंडाळत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या मनगटावरून सॉस कोपरापर्यंत आला होता. पलीकडचा धिप्पाड माणूस शर्टावर पडलेलं सारण बोटाने उचलून खात होता. सगळ्यांच्या माना तिरक्या, सगळ्यांच्या हनुवट्या लाल. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. लेकीने हे सगळं आत्ता कुठे पाहिलं.

"जागा मी नाही ठरवली गं," आई म्हणाली. "दिवसभर खिडकीत बसून ते हेच दुकान बघत असतात. तू येणार कळलं तेव्हा मला म्हणाले, पोरीला समोर नेऊ. तिथे सगळ्यांचंच सांडतं. माझं तिला दिसायचं नाही."