दुसऱ्या गल्लीचं फूल

लिओनिल्डने एप्रनखालून क्रेपच्या कागदाचं फूल काढलं, तशी अंथरुणावरच्या झुल्मिराने डोळे गच्च मिटले.

"आत ठेव ते! अजून जिवंत आहे मी. गल्लीत तोंड दाखवायचंय मला."

"आई, बघ ना एकदा. तुझी गल्ली काय पलंगाखाली बसलीय?"

गावाच्या मनात येईल त्याच वर्षी फुलांचा उत्सव व्हायचा. आपली गल्ली सजवायला महिनोन् महिने प्रत्येक गल्ली दारं लावून कागदाची फुलं करी. कोणतं फूल, कोणता रंग, हे उत्सवाच्या सकाळपर्यंत दुसऱ्या गल्लीला कळता कामा नये. लग्न होऊन लेक विहिरीच्या गल्लीत गेली आणि या एका बाबतीत मायलेकी परक्या झाल्या. यंदाचा उत्सव शनिवारी होता. डॉक्टर दाराबाहेर लेकीशी कितीही हळू बोलले, तरी झुल्मिराला ऐकू आलं होतं. शनिवार तिच्या नशिबात नव्हता.

"तू पाहिलं नाहीस तर मी कुणासाठी केली गं एवढी फुलं?" लिओनिल्डला रडू फुटलं.

झुल्मिराने मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केले. "बघणार नाही. नुसतं चाचपते."

तापाने घामेजलेली बोटं पाकळ्यांवरून फिरली.

"कड ताणलीच नाहीस. अंगठे मध्ये रोवून ओढायची, म्हणजे पाकळी वाटीसारखी फुगते. जन्मभर शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी!"

तिने एकेक पाकळी ताणून दिली. लिओनिल्डने नाक पुसत फूल एप्रनखाली लपवलं आणि ती गेली.

दार लागल्यावर झुल्मिराने डोळे उघडले. घामाने कागदाचा रंग सुटला होता. दोन्ही अंगठे गर्द जांभळे झाले होते. ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. विहिरीपासून चर्चपर्यंत सगळी गल्ली जांभळी. काय सुरेख दिसेल! तिला फार फार बरं वाटलं.

एवढ्यात शेजारची बाल्बिना लसणाचं सूप घेऊन आली. झुल्मिराने अंगठे मुठीत दडवून हात चादरीखाली ओढले. बाल्बिना झुल्मिराच्याच गल्लीतली.

"लेक येऊन गेली म्हणे. लागला का काही पत्ता त्यांच्या फुलांचा?"

"छे! तोंडातून एक अक्षर काढलं नाही कार्टीने."

"बरं, सूप घे. गरम आहे तोवर."

झुल्मिराने चादरीखाली मुठी आणखी घट्ट आवळल्या.

"तूच भरव गं आज," ती म्हणाली.