कारवीमाथ्याचं स्थळ

"म्हणजे रस्ता नाही," श्यामसुंदर म्हणाले.

"हाय की," मच्छिंद्र म्हणाले. "धरणाच्या काठापर्यंत पक्का हाय. तिथनं पुढं पायवाट. ती पावसाळ्यात गवतात झोपलेली असती. तिला उठवत उठवत वर जायचं."

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये मच्छिंद्र सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. टोपी मांडीवर. शेजारी ऋषी. उन्हाने रापलेला, टाचांना भेगा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. लग्नाचं बोलणं होतं. बाकी सगळ्यांचे होकार झाले होते, अडला होता तो श्यामसुंदरांचा. तो घेतल्याशिवाय डोंगर चढायचा नाही, असं मच्छिंद्र गावच्या देवीला सांगून निघाले होते.

"नळ?"

"न्हाई. खाली दरीत झरा हाय."

"अच्छा. म्हणजे आमच्या लेकराने हंडे वाहायचे."

"हंड्यानं मान ताठ ऱ्हाती साहेब. खराडीच्या आयटी हापिसांत बघितली मी पोरं. सगळ्यांच्या माना मोबाईलात पडलेल्या."

स्वयंपाकघरातून वैष्णवीचं हसू ऐकू आलं. पाठोपाठ ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. नीट इस्त्रीचा कुर्ता, बोलणं चटपटीत.

"आणि रेंजचं टेन्शन नको," ती म्हणाली. "एका धोंड्यावर फुल रेंज येते."

"वा! म्हणजे आम्ही फोन केला की आधी धोंडा गाठायचा."

श्यामसुंदरांच्या बायकोने, श्यामलाने, ट्रेमधला एक कप उचलून ऋषीपुढे ठेवला. "हा बिनसाखरेचा," एवढंच म्हणाली. मग वैष्णवीला म्हणाली, "लाडूचा डबा आण गं." वैष्णवी आत गेली. दोन कपाटं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. तिसऱ्यात डबा सापडला.

मच्छिंद्रांनी चहा बशीत ओतला आणि गाव रंगवायला घेतलं. कारवीमाथ्याला विजेचे खांब आलेत, तारा यायच्यात; पण चांदणं असं पडतं की माणसं सावलीला बसतात. शाळा चौथीपर्यंत, पण तेवढ्यात पोरं ढगांचीही हजेरी घ्यायला शिकतात. ढग तर सरळ घरात शिरतो. मच्छिंद्रांची मथुराबाई त्याला केरसुणीनं बाहेर काढते.

"आमच्या भैरूची म्हैस त्या ढगात हरवली," मच्छिंद्र म्हणाले. "चार दिसांनी घरी आली. तवापासनं तिची धार काढली की दुधात आपसूक पाणी येतं."

"असं होय," श्यामसुंदर म्हणाले. "मग आमच्या डेअरीवाल्याकडे तीच म्हैस असणार."

सगळे हसले. श्यामसुंदर हसले नाहीत. ते ऋषीकडे वळले.

"आणि काय हो, आपण काय करता तिथे दिवसभर?"

"पाणी चढवतोय," ऋषी खाली बघत म्हणाला. "झऱ्यावरनं वाडीपर्यंत पाइप. सोलरचा पंप हाय."

"हाय!" श्यामसुंदरांनी तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उचलला. "वा. जगातली पोरं पगार चढवतात, हे पाणी चढवतात."

ऋषीने लाडू तसाच हातात धरून ठेवला. श्यामलाने त्याच्या बशीत दुसरा ठेवला.

"मच्छिंद्रराव, थट्टा पुरे," श्यामसुंदर म्हणाले. आवाज आता सपाट होता. "रस्ता नाही, नळ नाही, दिवा नाही. ते सोडा. आजारी पडलं कुणी तर? डॉक्टर कुठे?"

मच्छिंद्रांनी बशी खाली ठेवली. टोपी डोक्यावर घातली. आता थाप नव्हती.

"डॉक्टर न्हाई," ते म्हणाले. "माणसं हाईत. गेल्या पावसाळ्यात एकाला फुरसं चावलं. धो धो पाऊस, ओढा फुगलेला. गाव म्हणालं, न्यायचा. घोंगड्याची डोली केली. खांदे बदलत निघालो. ओढ्यात कचरूचा पाय निसटला, हात मोडला त्याचा, पन दुसऱ्या खांद्यावरची डोली सोडली न्हाई. खाली दवाखान्यात पोचवला. वाचला. त्या दिशी गावात चूल पेटली न्हाई, कारन पेटवायला कुनी मागं ऱ्हायलंच न्हवतं."

"कुणाला चावलं होतं?" श्यामलाने विचारलं.

मच्छिंद्रांनी ऋषीकडे पाहिलं. ऋषीने उजवा पाय हळूच सोफ्याखाली ओढला. उशीर झाला होता. घोट्याजवळचा काळपट वण सगळ्यांनी पाहिला.

श्यामला उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

श्यामसुंदरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"चहा गार झाला," ते म्हणाले. मग कप बाजूला सारून, "माझी एक अट आहे."

"बोला."

"लग्न कारवीमाथ्यावर. डोलीला खांदा दिलेली माणसं पहिल्या पंगतीला बसतील. वाढायला मी."

मच्छिंद्रांची मान अशी ताठ झाली, की जणू डोक्यावर भरला हंडा होता. "मग पंगत एकच हुईल साहेब," ते म्हणाले. "अख्खं गावच हाय त्यात. आन् एक सांगतो. आमच्या डोंगरावरनं आजवर माणसं उतरलीच. खालचं कुनी वर नांदायला येतंय, ते पैल्यांदाच."

दारात सगळे चपला शोधू लागले. मथुराबाईने दिलेली कारवीच्या मधाची बाटली टीपॉयवर उन्हात लखलखत होती. श्यामलाने उरलेले लाडू डब्यात भरून आणले. डबा तिच्या हातून सुटेना आणि डोळ्यांचं पाणी थांबेना.

"चला आबा, एसटी चुकेल," म्हणत वैष्णवीने मच्छिंद्रांची पिशवी खांद्याला लावली.

ऋषी श्यामलाच्या पाया पडला आणि डबा हळूच सोडवून घेत म्हणाला, "रडू नकोस गं आई. सासर चांगलं आहे."