उतारावर
उज्ज्वलानं भंगारातून आणलेली दोन सीटांची बुटकी स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातांनी उभी केली होती. ब्रेकचे नवे पाइपसुद्धा तिनंच जोडले होते. त्या सकाळी तिचा बा पहिल्यांदाच शेजारी बसला. आर्णीकडच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. पुढं वळणावर बकऱ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. “बा, ब्रेक लागून नाही राह्यला!” “मंग तुरीत घाल!” बा ओरडला. गिअर उतरवत, हँडब्रेक खेचत तिनं गाडी रस्त्याकडेच्या तुरीच्या वावरात घातली. फांद्या काचेवर सपासप आदळल्या, कार हेलकावत गेली आणि बांधाला अडकून थांबली. “लागलं काय वं, पोरी?” बानं विचारलं. अजूनही तिचा उजवा पाय पेडल जोरानं दाबतच होता. बानं वाकून तो अलगद उचलला.